दारासमोरचे अकरा आठवडे

गुरुवारी संध्याकाळी बेबीताई कामावरून आल्या की चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायच्या. वहिनीला ते जिन्यावरूनच ऐकू यायचं.

"आजही उघडलं नाही बयेनं दार! वहिनी, ऐकतेस ना? अकरावा आठवडा!"

वहिनी ताटं मांडत होती. "ऐकतेय," ती म्हणाली.

बेबीताई तिची नणंद. वय एकेचाळीस, पण घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी बेबी म्हणायचे, ते तसंच चिकटलं. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या. भाऊ लांबच्या कामावर, पंधरवड्यातून दोन दिवस यायचा, म्हणजे घरात खरं तर या दोघीच. बेबीताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होत्या. लांब टेबलावर कापडाचे साठ-साठ थर पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि मशीन धरून कापत पुढे सरकायचं. सगळं उभ्यानं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास काय तो टेकायला मिळायचा, आणि दर गुरुवारी त्या अर्ध्या तासात, गेली तीन वर्षं, त्या मोबाईलवर 'कुलूपवाली' वाचायच्या.

'कुलूपवाली' हे वेबकॉमिक. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता एक भाग यायचा. कुठलंही कुलूप उघडणारी एक बाई. तिचा धाकटा भाऊ घरातून निघून गेला तो परतलाच नाही, आणि ही त्याच्या शोधात दारामागून दार उघडत निघालेली. शंभरावर भाग झाले होते. आता ती अशा दारापाशी पोचली होती, की भाऊ याच्याच आत असणार हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. पोचली आणि थांबली. एका भागात दाराचं लाकूड, एका भागात जिना, एका भागात तिची पाठ आणि पाठीवर पडलेला उजेड. एकदा तर वरपासून खालपर्यंत नुसती भिंत.

"भिंत बघायला मोबाईल कशाला हवा?" बेबीताई हात धुता धुता म्हणाल्या. "कारखान्यात काय कमी भिंती आहेत? आणि लोक म्हणतात, वा, काय शांतता आहे! शांतता कसली, टाळाटाळ आहे ही."

कॉमिकखाली सही असायची 'मुंगी'. ही मुंगी कोण, बाई की बुवा, म्हातारी की तरणी, कुणाला माहीत नव्हतं. वहिनीला माहीत होतं. अकरा आठवडे ते दार तीच तर काढत होती.

ती पेंटरकडे कामाला होती. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा, साठीला टेकलेला माणूस. छापील बोर्ड आले आणि हातानं रंगवलेल्या पाट्यांना कुणी विचारेना, तेव्हा रिकामपण घालवायला म्हणून त्यानं ही गोष्ट काढायला घेतली होती. फोटोफ्रेमच्या दुकानावर त्याची एक खोली होती. दोन टेबलं, एक खिडकी, कोपऱ्यात उलट्या करून ठेवलेल्या जुन्या पाट्या. पेंटर रेषा काढायचा, बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायचा. वहिनी कॉम्प्युटरवर रंग भरायची. पहिल्याच दिवशी त्यानं अट घातली होती. "मुंगी कोण, हे घरात नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. पाट्या रंगवणाऱ्याची गोष्ट कोण वाचेल, बाई? मुंगीची वाचतील." वहिनीनं ती अट पाळली. घरी सगळ्यांना वाटायचं, ती बोर्डांची डिझाइनं करते.

तीन महिन्यांपूर्वी पेंटरच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. मनगटातली नस दबली होती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण बोटांत जीव आला नाही. चहाचा कप त्या हातानं उचलला की बशीवर खडखडायचा. डॉक्टर म्हणाले, सहा महिने हाताला पूर्ण आराम. पेंटर म्हणाला, सहा महिन्यांत लोक मुंगीला विसरून जातील.

आणि गोष्ट नेमकी अशा जागी आलेली, की आता कुलूपवालीनं हत्यारं काढून कुलूप उघडायचं. म्हणजे चौकटीमागून चौकट हातच हात. बोटं, नखं, तारेवरची पकड. हात काढणं चांगल्या चांगल्यांना घाम फोडतं, आणि इथे काढणाऱ्याचाच हात कामातून गेलेला.

म्हणून कुलूपवाली थांबली होती. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

वाचकांनी मात्र त्यात बरंच काही शोधलं. पेंटर सकाळी यायचा, डाव्या हातात मोबाईल धरून कमेंट वाचत बसायचा. दोन तट पडले होते. एक म्हणायचा, पुरे झालं, उघड एकदाचं. दुसरा म्हणायचा, तिला वेळ द्या. कुणी कुलूपवालीला भित्री म्हणत होतं, कुणी म्हणत होतं तिला भाऊ नकोच आहे, नुसता शोध हवा आहे.

"बाई, हे ऐका," पेंटर म्हणायचा. "हा लिहितो, भाऊ सापडला की तिच्या जगण्याला काही कामच उरणार नाही, म्हणून तिचा पाय अडलाय. काय डोकं आहे! आपल्याला सुचलं होतं हे?"

"नाही," वहिनी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायची.

"आता सुचलं होतं म्हणायला हरकत नाही."

एकीनं तर सातव्या आठवड्यातल्या दारावरची चीर मोठी करून दाखवली होती, ती म्हणे भावाच्या चेहऱ्याची कड होती. वहिनीला ती चीर चांगली आठवत होती. दुपारी चार वाजता डोळ्यांसमोर अंधारी आली आणि पेन घसरलं, त्याची ती चीर.

ती पूर्वी पाचला घरी यायची. आता गुरुवार सोडला तर सात वाजायचे. जुन्या भागांतून जिना उचल, कठडा उचल, उजेड फिरव, दाराला नवीन गाठी दे, असं करत चाळीस चौकटी भरायच्या. पेंटर डाव्या हातानं कशीबशी कुलूपवालीची पाठ काढायचा, ती तिनं सावरून घ्यायची. खांदा दुखायचा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. आणि एवढं करून घरी यावं, तर दार का काढलं याचा जाब तयार असायचा. तोही असा, की उत्तर द्यायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या गुरुवारी जेवण झाल्यावर बेबीताई उठल्या नाहीत. तिथेच बसून मोबाईलवर लिहायला लागल्या. कमेंटमध्ये त्यांचं नाव 'कात्री' होतं, आणि कात्रीला मानणारे बरेच होते. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनी भांडी घासत होती.

"'मुंगी, पुढे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा. आम्ही थांबू. पण या उभं राहण्यात काही खोल आहे असं भासवू नका. मी दिवसाचे नऊ तास उभी असते. उभं राहण्यात खोल काही नसतं. पाय दुखतात. कापड कमी पडलं की आमच्याकडेही ताणून कापतात. पहिल्या धुण्यात कळून येतं.' कसं आहे?"

"चांगलं आहे," वहिनी म्हणाली. नळ चालू होता म्हणून आवाज कसा आला ते कळलं नाही.

शुक्रवारी ती कामावर गेली तेव्हा पेंटर खिडकीशी बसला होता. मोबाईल टेबलावर पालथा.

"वाचलंत?" त्यानं विचारलं.

"काय?"

"कात्रीनं लिहिलंय. दीड हजार लोकांनी लाईक केलंय सकाळपर्यंत." मग म्हणाला, "खरं आहे. ताणूनच कापतोय आपण."

दुपारी तो घरी गेला. शनिवारी आला नाही. सोमवारीही नाही. फोन बंद. वहिनी एकटीच बाराव्या आठवड्याचं दार काढत बसली. आता पाठसुद्धा तिलाच काढायची होती. तीनदा काढली, तीनदा पुसली. खालच्या दुकानात कुणीतरी खिळा ठोकत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या कपाळातली शीर उडत होती.

सोमवारी संध्याकाळी ती घरी पोचली तर बेबीताई दारातच.

"वहिनी, चार हजार! चार हजार लोकांना पटलंय माझं म्हणणं. आता बघते कशी उघडत नाही ती!"

"ती नाही उघडणार," वहिनी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार, बेबीताई? ते दार मी काढते! अकरा आठवडे मीच काढते. पेंटर म्हणजेच मुंगी. त्यांचा हात गेलाय, हात काढता येत नाहीत म्हणून दार उघडत नाही. खोल नाही आणि उथळ नाही. तुमचं काय जातं लिहायला? तुम्ही लिहिलंत आणि तो माणूस तीन दिवस तोंड दाखवत नाहीये, आणि मी तिथे एकटी..." पिशवी खांद्यालाच होती. ती तशीच खुर्चीवर बसली.

बेबीताईंना आधी कळलंच नाही. मग एकेक उलगडत गेलं. शेवटी म्हणाल्या, "तीन वर्षं मी तुला दर गुरुवारी ती गोष्ट सांगतेय."

"हो."

"आणि तू ऐकून घेतेस."

"मग काय करू?"

बेबीताई आत गेल्या. पाणी आणून दिलं. तिच्या खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली. मग मोबाईल घेऊन बसल्या आणि ती कमेंट काढून टाकली.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. सकाळी सगळीकडे एकच गिल्ला. कात्रीची कमेंट गायब! मुंगीला खरं सोसवलं नाही, मुंगीनं पुसलं! जे कालपर्यंत 'तिला वेळ द्या' म्हणत होते तेही उलटले. बेबीताईंनी कारखान्याच्या सुट्टीत घाईघाईनं लिहिलं, मीच काढलं, मला कुणी सांगितलं नाही. तर लोक विचारायला लागले, कात्री, तुझ्यावर दबाव आहे का? असेल तर नुसतं एक टिंब टाक.

या गोंधळानं मंगळवारी पेंटरला खोलीवर आणलं. दाढी वाढली होती.

"मी कुणाचा शब्द पुसलेला नाही, बाई," तो म्हणाला. "पाटीवर माझंच अक्षर चुकलं तर पुसायचो. लोकांचं कधी नाही. या कात्रीनं असं का केलं असेल?"

वहिनीनं पेन खाली ठेवलं. "कात्री माझी नणंद आहे. मी तिला सांगितलं. सगळंच."

पेंटरनं खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर बसला. ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडला तर बरंच, असंही वाटलं. म्हणजे पर्स उचलून निघता आलं असतं.

"मग आणा तिला एकदा," तो म्हणाला.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बेबीताई आल्या. कारखान्याचा मोठ्या खिशांचा ॲप्रन अंगावर तसाच. पेंटरनं खुर्ची पुढे केली.

"बसायला सांगितलं तर मी कधी नाही म्हणत नाही," म्हणत त्या बसल्या. "पण माफी मागायला आले नाही. लिहिलं ते खरंच होतं."

"माहितीये. म्हणून तर येत नव्हतो."

"हाताचं लोकांना सांगत का नाही?"

"सांगितलं की कीव येते. कीव आली की कुणी भांडत नाही. काळजी घ्या म्हणतात आणि पुढे जातात." पेंटर आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "तीस वर्षं पाट्या रंगवल्या मी. रस्ते भरले होते माझ्या अक्षरांनी. एका पाटीवरून कधी कुणी भांडलं नाही. या कुलूपवालीवरून भांडतात."

"भांडायला आम्ही आहोतच हो, कुठे जातोय," बेबीताई म्हणाल्या. "पण तुमच्या भांडणापायी ही बघा." त्यांनी वहिनीकडे बोट केलं. "हिचे डोळे बघितलेत कधी? संध्याकाळी घरी येते ती धुऊन पिळलेल्या फडक्यासारखी. मला वाटायचं, एवढे कसले बोर्ड करते ही?"

वहिनी म्हणाली, "राहू द्या ना, बेबीताई."

"का राहू द्या?"

पेंटरनं वहिनीकडे बघितलं. रोज समोर बसणाऱ्या माणसाकडे आपण नीट बघितलेलं नाही हे कळल्यावर माणूस जसा ओशाळतो, तसा तो ओशाळला. "किती वाजता जाता हल्ली?"

"सात."

"आणि आधी?"

"पाच."

तो उठून खिडकीशी गेला, परत आला. मग बेबीताईंना म्हणाला, "बरं, तुम्ही सांगा. कुलूपवालीनं काय करावं? उघडावं दार?"

इतके आठवडे उघड-उघड म्हणणाऱ्या बेबीताई विचारात पडल्या. "आज नाही उघडणार ती," त्या सावकाश म्हणाल्या. "तीन वर्षं चाललीये. इतकं दमल्यावर माणूस लगेच आत घुसत नाही. पण उभंही राहत नाही, तिथेच तर तुमचं चुकलं. जमिनीवर बसकण मारतं. बसवा तिला."

"बसवायची तर गुडघे आले, हात आले."

"कोट आहे ना तिला? हात खिशात घालायचे."

पेंटर वहिनीकडे वळला. "काढाल?"

"मला माणसं काढता येत नाहीत," वहिनी म्हणाली.

"समोर बघून काढा."

मग बेबीताई खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. पाय पसरले, हात ॲप्रनच्या खिशांत घातले. वहिनीनं कॉम्प्युटरची चित्रं काढायची पाटी मांडीवर घेतली. पहिली रेष चुकली, दुसरीही. पेंटर मागे उभा राहून सांगत होता, खांद्यापासून सुरुवात करा, चेहऱ्याच्या नादी लागू नका, वजन कुठे पडलंय ते बघा. दहा मिनिटांत बेबीताईंची मान कलली. त्या चक्क झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली.

"उठवू?" वहिनीनं हळूच विचारलं.

"नको. असंच काढा."

गुरुवारी बारा वाजता भाग आला. चारच चौकटी. दार, दारापाशी टेकलेली कुलूपवाली, तीच, मान कललेली, आणि झोपलेली. खाली मुंगीनं लिहिलं होतं, 'माझा उजवा हात दुखावला आहे. सहा महिने थांबतोय. ती झोपली आहे, तेव्हा भांडायचं तर हळू आवाजात भांडा.'

दोन दिवस लोकांनी काळजी घ्या, काळजी घ्या लिहिलं. तिसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, ही आपली कुलूपवाली नाहीच, हिचे खांदे रुंद झालेत, वय वाढलंय. दुसऱ्यानं लिहिलं, तीन वर्षं पायपीट केल्यावर तुझं नाही का वाढणार? कुणी म्हणालं, आत भाऊ असताना झोप लागूच कशी शकते? त्यावर कुणा नर्सबाईनं मोठं थोरलं लिहिलं, लागते, मी रोज बघते. अशी पुन्हा जुंपली. पेंटरनं फोन करून वहिनीला ते सगळं वाचून दाखवलं. आवाजावरून तो खूश वाटला. बेबीताई मात्र घरी धुमसत होत्या. "माझ्या खांद्यांना नावं ठेवतायत! नऊ तास मशीन धरून दाखवा म्हणावं."

वहिनीला शाळांचे तक्ते बनवणाऱ्या एका ऑफिसात काम मिळालं. फुलाचे भाग, हाडांचे सांगाडे, नद्यांचे उगम. पाच वाजता कॉम्प्युटर बंद. पहिले पंधरा दिवस ती घरी येऊन नुसती पडून राहायची. तक्त्यांवरून कुणी भांडत नव्हतं. कधी कधी तिला तेही चुकल्यासारखं वाटायचं, पण पडल्या पडल्या डोळा लागायचा आणि ते वाटणं तिथेच राहायचं.

सहा महिने होऊन वर काही दिवस गेले, तेव्हा पेंटरचा निरोप आला. ती भेटायला गेली. दोन बोटांत जीव आला होता, दोन तशीच होती. डॉक्टर म्हणाले होते, आता एवढंच. तो हे सांगताना डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून मिटत होता.

"अक्षरं जमतील," तो म्हणाला. "गोष्टही सांगेन मी. चित्रं तुम्ही काढायची. सगळी. आणि मुंगीच्या शेजारी तुमचं नाव लावायचं. पाच वाजता घरी जायचं, भाग अर्धा झाला तरी. बघा विचार करून."

ती घरी आली तेव्हा बेबीताई कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. तिनं समोर बसून सगळं सांगितलं.

"मग काय म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले."

"घे की."

"तुम्ही दर गुरुवारी नावं ठेवाल."

"ठेवीनच. घरचं म्हणून सोडणार नाही हं मी."

वहिनीला हसू आलं. हसता हसता तिनं मान मागे टेकली आणि डोळे मिटले. "दोन आठवडे तरी जाऊ देत मध्ये," ती म्हणाली.

"जाऊ देत," बेबीताई म्हणाल्या. "कुणी घाई केलीये? तो टॉवेल दे तेवढा."

वहिनीनं डोळे न उघडताच हात लांब करून खुर्चीवरचा टॉवेल ओढला आणि त्यांच्याकडे टाकला.